अकॅडमिक इंग्रजी कोणाच्या बापजाद्यांची?

आपल्या विद्यापीठांत एक समजूत इतकी मुरली आहे की तिला कोणी आव्हानच देत नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी तोच इंग्रजीत खरे संशोधन लिहू शकतो. त्याच्या खालोखाल ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे तो. आणि जिंतूर, पूर्णा, गंगाखेडच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्यांनी फक्त प्रश्नावल्या भरून आणाव्यात, डेटा गोळा करावा, सिद्धांत मांडणे त्यांचे काम नव्हे. ही उतरंड कशाची आठवण करून देते हे वेगळे सांगायला नको. जन्मावरून लायकी ठरवण्याची सवय आपल्या देशाला नवी नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. संशोधनाची इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नाही. ती आईच्या मांडीवर मिळत नाही, शिकून मिळते. लंडनमध्ये जन्मलेल्यालाही ती शिकावीच लागते. फरक असतो तो शिकण्यासाठी कोणाला किती वेळ, किती पैसा आणि कोणती माणसे मिळतात याचा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय आणि त्यांचे सहकारी पासरों यांनी 1960 च्या दशकात हेच फ्रेंच विद्यापीठांबद्दल मांडले होते. पण आपल्याला फ्रान्सला जायची गरज नाही. आपल्याकडे यापेक्षा जुना आणि भक्कम पुरावा आहे.

त्याआधी 'नेटिव्ह' हा शब्दच बघा. भाषाशास्त्रात ज्याची इंग्रजी मातृभाषा आहे त्याला 'नेटिव्ह स्पीकर' म्हणतात आणि ती मोठी मानाची पदवी आहे. इंग्रजांच्या राज्यात मात्र नेटिव्ह म्हणजे आपण. नेटिव्ह शिपाई, नेटिव्ह शाळा, नेटिव्ह वस्ती. तेव्हा हा शब्द माणसाला खाली बसवण्यासाठी होता. शब्द तोच राहिला, मालक बदलला, आणि दोन्ही वेळा आपण बाहेरच. मला तर वाटते, या एका शब्दाच्या प्रवासावर कोणी तरी एम.ए.चा प्रबंध लिहायला हवा.

आता 9 मे 1916 कडे येऊ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये 25 वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो: 'कास्ट्स इन इंडिया'. हा विद्यार्थी मराठी घरात वाढलेला. मुंबईच्या शाळेत त्याला संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाले आणि फारसी घ्यावी लागली. म्हणजे इंग्रजीच्या बाहेर उभे राहण्याआधी तो एका देशी भाषेच्या बाहेर उभा केला गेला होता. हा मुद्दा आपण विसरतो. इंग्रजीने आपल्याला बाहेर ठेवले म्हणून रडणारे अनेक विद्वान संस्कृतने कोणाला बाहेर ठेवले याबद्दल गप्प असतात.

बाबासाहेबांच्या या निबंधावर आपण दरवर्षी भाषणे करतो, पण तो ज्या खोलीत वाचला गेला त्या खोलीकडे कोणी पाहत नाही. ज्यांचा सेमिनार होता ते गोल्डनवायझर जन्माने कीव्ह शहराचे. ते अमेरिकेत आले 1900 साली, तरुणपणी. गोल्डनवायझर ज्यांचे विद्यार्थी, ते अमेरिकन मानववंशशास्त्राचे जनक फ्रान्झ बोआस जर्मनीत जन्मले, तिथेच शिकले. म्हणजे जातीवरचा तो निबंध ज्या ज्ञानशाखेत सादर झाला, ती शाखाच अमेरिकेत इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी उभी केली होती. तिथे 'तुमची इंग्रजी आमच्यासारखी नाही' असे कोण कोणाला म्हणणार होते?

आणि निबंधात इंग्रजी कशी आहे? फुलोरा नाही. सुरुवातीला बाबासाहेब सांगतात की वस्तूंची प्रदर्शने सगळ्यांनी पाहिली आहेत, पण मानवी संस्थांचे प्रदर्शन ही कल्पना लोकांना विचित्र वाटेल, आणि आपण तसेच काहीतरी दाखवणार आहोत. मग ते सांगतात की प्रश्न प्रचंड आहे, आपण फक्त जातीची उत्पत्ती, यंत्रणा आणि विस्तार एवढेच घेतो. मग चार जणांच्या व्याख्या समोर ठेवतात: फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाचे कुठे चुकले ते दाखवतात. सेनार विटाळाला जातीचे लक्षण मानतात, पण विटाळ जातीला धर्माचा रंग चढल्यामुळे आला, तो जातीचा गाभा नव्हे. नेसफील्ड रोटीबंदीला लक्षण मानतात, पण तो परिणाम आहे, कारण नव्हे. केतकर दोन लक्षणे सांगतात: जातीत जन्मलेल्यांनाच सभासदत्व, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्नच आत बंद केले तर बाहेरचा जन्माने आत येणार कसा?

इथे थांबून बघा. या युक्तिवादात जड इंग्रजी शब्दाने सिद्ध होणारी एकही गोष्ट नाही. तो मराठीत सांगितला, ऊसतोडीच्या फडावर सांगितला, तरी तितकाच पक्का राहतो. आधी इतरांनी काय म्हटले, मग त्यात फट कुठे आहे, मग त्या फटीत माझे म्हणणे. जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञाने 1990 साली शेकडो पानांच्या पुस्तकात संशोधनलेखाची प्रस्तावना अशीच तीन टप्प्यांत चालते असे दाखवले आणि आज जगभर परदेशी विद्यार्थ्यांना तेच शिकवले जाते. बाबासाहेबांनी ते स्वेल्सच्या 74 वर्षे आधी केले होते. कोणी चमत्कार म्हणेल. मी म्हणते, कोलंबियाच्या ग्रंथालयात ठाण मांडून बसलेल्या विद्यार्थ्याची ती कमाई आहे. चमत्कार म्हटले की आपली जबाबदारी संपते.

आणखी एक. त्याच निबंधात बाबासाहेब लिहितात की जातीचा अभ्यास करणाऱ्या युरोपियनांनी वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, नको इतके महत्त्व दिले, कारण त्यांच्याच मनात रंगाचा पूर्वग्रह भरलेला होता. रिस्लेसारख्या अधिकाऱ्याची मातृभाषा इंग्रजी, हाताशी जनगणनेची सगळी यंत्रणा. तरीही दिसायचे ते दिसले नाही. उलट केतकरांबद्दल बाबासाहेब म्हणतात की ते इथले आहेत आणि मोकळ्या मनाने बघतात, म्हणून त्यांची व्याख्या जवळ जाते. 'नेटिव्ह' असणे इथे जमेची बाजू ठरते, पण विषयाचे नेटिव्ह, भाषेचे नव्हे. आणि केतकर नेटिव्ह असूनही पूर्ण सुटत नाहीत हेही विसरू नका. जन्म कोणालाच पुरत नाही.

पुढे लंडनला हाच प्रकार. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 साली आले. त्यात बाबासाहेब ज्यांच्याशी भिडले ते जॉन मेनार्ड केन्स ईटन आणि केंब्रिजचे. इंग्रजी गद्याचे उस्ताद. केन्स भारतासाठी सुवर्ण विनिमय पद्धतीच्या बाजूने होते, बाबासाहेबांनी आकडे आणि इतिहास मांडून ती पद्धत गरिबाच्या रुपयाला स्थिर ठेवू शकत नाही असे सांगितले. प्रस्तावना प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. प्रस्तावनाकार स्वतःच लिहितात की लेखकाचे बरेच म्हणणे मला पटत नाही, पण त्यात ताजेपणा आहे. भाषेबद्दल तक्रार नाही. वाद विचाराशी झाला.

हे ऐकून कोणी म्हणेल, ताई, बाबासाहेब अपवाद होते. बरोबर. म्हणून आता इंग्रजांच्याच मुलांकडे वळू, म्हणजे इंग्रजीत जन्मलेल्यांकडे. 1870 च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहायला लावला. बसलेली मुले न्यू इंग्लंडच्या चांगल्या घरांतली, महागड्या शाळांतून आलेली, घरी-दारी इंग्रजी बोलणारी. त्यातली मोठ्या संख्येने नापास झाली. मग हार्वर्डला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा सक्तीचा वर्ग काढावा लागला, आणि आज अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत तो असतो. आपल्याकडे परभणीच्या मुलाला इंग्रजीत लिहिता आले नाही की म्हणतात 'बेस कच्चा आहे'. हार्वर्डच्या मुलांना आले नाही तर वर्ग काढला. कमतरता एकच, निदान दोन.

म्हणूनच मातृभाषक आणि परभाषक अशी सरळ दोन खोक्यांची मांडणी मला अपुरी वाटते. केतकर परभाषक होते, त्यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून 'द हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' 1909 साली इंग्रजीत लिहिले आणि परत येऊन मराठी ज्ञानकोश केला. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, केंब्रिजला शिकले, 1932 साली 'कास्ट अँड रेस इन इंडिया' लिहिले. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली आणि 1953 साली नातेव्यवस्थेवरचे इंग्रजी पुस्तक दिले. या तिघांची मातृभाषा मराठीच, आपल्यासारखी. त्यांच्या इंग्रजीकडे कोणी 'ग्रामीण' म्हणून पाहिले नाही. परभाषक सगळेच, पण घरात पुस्तके असणारा परभाषक आणि घरात पहिल्यांदाच पुस्तक आणणारा परभाषक हे एक नव्हेत. गोपाळ गुरू यांनी 2002 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये लिहिलेल्या लेखात भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र अशी विभागणी आहे असे स्पष्ट म्हटले. त्यावर खूप वाद झाला. व्हायलाच हवा होता. पण ज्या भाषेच्या भिंतीवर ही विभागणी उभी आहे, तिच्याबद्दल त्या वादात पुरेसे बोलले गेले नाही असे मला वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे. मराठवाड्याचा भाषेचा इतिहास पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे आणि तो इथल्या तरुणांना माहीत नसतो. परभणी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभाराची भाषा आधी फारसी, 1880 च्या दशकापासून उर्दू. मराठी शेतकऱ्याचा सातबारा काय, फिर्याद काय, सगळे उर्दूत. आजही आपल्या बोलीत 'तहसील', 'मौजे', 'दरखास्त' आहेत ते उगाच नाहीत. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ निजामाच्या खात्यात नोकरी करत आणि मराठीत लिहीत.

1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्याने एक धाडस केले. वैद्यक, कायदा, इंजिनिअरिंगसकट सगळे उच्च शिक्षण उर्दूत. त्यासाठी खास भाषांतर विभाग काढला, इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणले, हजारो पारिभाषिक शब्द घडवले. देशी भाषेत विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे मोठे उत्तर होते आणि ते आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण या उत्तरात एक मेख होती. संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. परभणीच्या मराठी मुलासाठी उर्दू आणि इंग्रजी दोन्ही परक्याच. त्यात तो महारवाड्यातला असेल तर उस्मानिया सोडा, गावच्या शाळेचा ओटाही परका. देशी भाषा म्हटल्याने ती आपोआप सगळ्यांची होत नाही. हे आज 'मातृभाषेतून शिक्षण' अशा घोषणा ऐकताना ध्यानात ठेवावे.

निजामाचे राज्य गेले आणि दोनच वर्षांत, 1950 साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांनी मराठवाडा का निवडला? कारण इथे उच्च शिक्षणाची दारे जवळपास नव्हतीच. नाव ठेवले मिलिंद, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे. तो राजासुद्धा परभाषकच होता की! परक्या भाषेच्या मुलखातून आलेला, पण प्रश्न विचारायला न घाबरणारा. याच मिलिंदमध्ये शिकलेल्या-शिकवलेल्या पिढीतून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' आले, दलित साहित्याला व्यासपीठ मिळाले. त्या पिढीने मराठीत स्वतःची भाषा घडवली. इंग्रजी संशोधनलेखनात मात्र तशी परंपरा उभी राहिली नाही, आणि 1978 ला नामांतरासाठी आमची घरे जळत होती तेव्हा त्याबद्दल विचार करायला कोणाला सवड होती?

आता आजचे. 2023 साली 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात एक सर्वेक्षण आले. 8 देशांतले 908 पर्यावरण-संशोधक. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना भाषेच्या कारणावरून पेपर नाकारला जाण्याचा अनुभव सुमारे अडीच पट जास्त, आणि 'इंग्रजी सुधारून आणा' असा शेरा साडेबारा पट जास्त. लिहायला लागणारा वेळ 51 टक्क्यांपर्यंत अधिक. दुसरीकडे ब्रिटिश अभ्यासक केन हायलंड यांनी 2016 साली लिहिले की हा भाषिक अन्याय फुगवून सांगितला जातो, कारण संशोधनलेखन नवख्या इंग्रजांनाही तितकेच जड जाते. मला दोघांचेही पटते. लेखन सगळ्यांनाच शिकावे लागते हे खरे. पण शिकण्याची फी कोण भरतो, याचे उत्तर सर्वेक्षणात आहे. हायलंड टेबलावरचा कागद बघतात, घड्याळ आणि खिसा बघत नाहीत.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. 'हे यंत्राने लिहिले आहे का' हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरना त्यांनी टोफेल परीक्षेचे परभाषक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निबंध दिले. निम्म्याहून अधिक निबंध सॉफ्टवेअरने यंत्राचे म्हणून टाकले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. कारण साधे होते: परभाषक माणूस मोजके, ठरलेले शब्द वापरतो आणि यंत्रही तेच करते. म्हणजे साधे लिहिले तर चोर, आणि अवघड लिहायला गेलो तर चुका.

माझ्या ओळखीची एक मुलगी, आई-वडील ऊसतोडीला जाणारे, पीएच.डी. करते आहे. तिच्या पहिल्या प्रकरणावर मार्गदर्शकांचा एकच शेरा होता, 'लँग्वेज पुअर'. कोणते वाक्य, कोणता परिच्छेद, काहीच नाही. तिने मग पैसे देऊन एका दुकानातून इंग्रजी 'पॉलिश' करून घेतली. परत आलेल्या मजकुरात ऊसतोड कामगार महिलांची 'उचल', म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, साधे 'लोन' झाली होती. उचलीत माणूस बांधला जातो, लोनमध्ये नाही. तिचा सगळा प्रबंध त्या फरकावर उभा होता. इंग्रजी सुधारली, समाजशास्त्र गेले.

इथे आपल्या बाजूचेही दोन शब्द बोलू. वाईट इंग्रजी ही क्रांती नव्हे. आपल्याकडचे अनेक प्रबंध मी वाचते. त्यांत शंभर ठिकाणी 'प्लेज अ व्हायटल रोल' असते आणि कोण, कोणावर, कसा परिणाम करतो ते एकदाही नसते. जड शब्द म्हणजे ज्ञान, ही भटी समजूत आपणही उचलली आहे. पूर्वी संस्कृतने जे केले ते आता इंग्रजीने करायचे. उत्तर प्रदेशात 2010 मध्ये चंद्रभान प्रसादांनी इंग्रजी देवीचे मंदिर उभारायला घेतले, त्यामागची तळमळ मला कळते, सावित्रीमाईंनीही इंग्रजी शिका असेच सांगितले होते. पण बौद्ध म्हणून माझा आक्षेप आहे. जिची पूजा करतो तिला दुरुस्त करण्याची, वाकवण्याची हिंमत राहत नाही.

आणि मराठीतून लिहिणे हाही आपोआप सुटकेचा मार्ग नाही. भाषा संचालनालयाच्या परिभाषेतला 'अंतर्विवाह' शब्द आमच्या पूर्णेच्या आजीला 'एंडोगॅमी'इतकाच परका. ती म्हणते, 'जातीतच सोयरीक'. अकॅडमिक मराठीसुद्धा कोणाचीच मातृभाषा नाही, फक्त काहींच्या घरापासून ती जवळ आहे. बाबासाहेब 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'मध्ये वेगळी मराठी लिहीत, म्हणी आणि टोमण्यांनी भरलेली. कोलंबियाचा निबंध आणि 'बहिष्कृत भारत'चा अग्रलेख शेजारी ठेवा. भाषा वेगळी, वाचक वेगळा, पण समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याची फट दाखवायची पद्धत तीच. महात्मा फुल्यांनीही 1873 ला 'गुलामगिरी' मराठीत लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या लढवय्यांना केलेली अर्पणपत्रिका इंग्रजीत छापली. कोणाशी बोलायचे आहे त्यावर भाषा ठरली.

म्हणून परभणीत आम्ही विहारात रविवारी एक साधा उद्योग सुरू केला आहे. शासनाने 14 एप्रिल 1979 ला प्रकाशित केलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पहिल्या खंडात 'कास्ट्स इन इंडिया' आहे. त्याचा एक परिच्छेद घ्यायचा आणि समासात मराठीत लिहायचे: हा परिच्छेद काय काम करतो? व्याख्या देतो, कोणाचे खोडतो, शंका घेतो, की माघार घेतो? मग तेच काम करणारा एक परिच्छेद स्वतःच्या विषयावर लिहायचा, आधी मराठीत, नंतर येईल तशा इंग्रजीत. 'उचल'ला 'उचल'च ठेवायचे आणि एका वाक्यात तिचा अर्थ सांगायचा, बाबासाहेबांनी 'सरप्लस वुमन' हा शब्द स्वतः घडवून समजावला तसा. गेल्या रविवारी बी.ए.च्या एका मुलीने शेवटच्या परिच्छेदासमोर लिहिले: 'चूक दाखवलीत तर माझा सिद्धांत सोडून देईन, असे सांगतो.' आणि खाली प्रश्न लिहिला: आमच्या सरांच्या कोणत्या पेपरात असे वाक्य आहे?

जय भीम.